वावरात डिझेल भरताना: फिरत्या बाऊजरवरील कामाची सुरक्षित रीत

पेटती काडी डिझेलच्या डब्यात टाकली तर ती विझते, हे आपल्याकडे बहुतेकांनी लहानपणी कधीतरी पाहिलेले असते, आणि तेवढ्या एका पाहण्यावर 'डिझेल म्हणजे काही पेट्रोल नव्हे, ते पेटत नाही' हा समज आयुष्यभर टिकतो. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत डिझेलच्या फिरत्या गाडीवर, म्हणजे बाऊजरवर, काम करताना मला जेवढे धोके दिसले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हाच समज होता. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेण्याइतकी साचते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात, आणि भारतीय मानकानुसार गाड्यांच्या डिझेलसाठी तो किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. प्रत्यक्षात तो अनेकदा याहून बराच वर असतो, पण हमी ३५ अंशांचीच आहे. जानेवारीच्या थंड सकाळी तेच डिझेल काडी विझवते. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो, उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीला हात लावता येत नाही, आणि तेव्हा ते वेगळे वागू शकते. पुढील प्रत्येक सूचना ही एक गोष्ट मनात ठेवून वाचावी: आपल्या उन्हाळ्यात डिझेललाही पेट्रोलइतकेच जपून हाताळावे लागते.

ग्राहकाच्या दारात डिझेल पोहोचवण्याची अधिकृत सोय देशात २०१८ मध्ये पुण्यापासून सुरू झाली. आता आपल्याकडेही रस्त्याच्या कामावरील पोकलेन, खाणीतील यंत्रे, जिनिंगचे जनरेटर आणि सोयाबीनच्या हंगामात पंजाबहून येणारे हार्वेस्टर यांना जागेवर डिझेल देणाऱ्या गाड्या दिसतात. पंपावर जमीन पक्की असते, अर्थिंग पुरलेले असते आणि वीज, पाणी, माणसे हाताशी असतात. वावरात यांपैकी काहीही नसते. जे लागेल ते आपल्यालाच गाडीवर घेऊन जावे लागते.

गाडी आणि कागदपत्रे

पेट्रोलियम कायदा १९३४ चा असून त्याखालील सध्याचे नियम २००२ चे आहेत. फ्लॅश पॉइंट २३ अंशांपेक्षा कमी असलेले इंधन 'अ' वर्गात, तर २३ ते ६५ अंशांमधील 'ब' वर्गात येते. पेट्रोल पहिल्यात आणि डिझेल दुसऱ्यात मोडते. फिरत्या गाडीची टाकी, पंप, मीटर आणि पाइप यांची रचना पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेने, म्हणजे पेसोने, मंजूर केलेली असावी लागते. पेसोचे मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे नियम कुठेतरी दूर बसून लिहिलेले आहेत ही सबब निदान विदर्भातल्या माणसाने सांगू नये. चालकाने धोकादायक माल वाहून नेण्याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे आणि त्याच्या परवान्यावर तशी नोंद असावी. ही नोंद तीनच वर्षे चालते, म्हणून तिची तारीख गाडीच्या विम्याच्या तारखेइतकीच लक्षात ठेवावी. गाडीच्या मागे आणि बाजूंना लाल चौकटीचे ज्वालाग्राही चिन्ह आणि डिझेलचा १२०२ हा क्रमांक स्वच्छ वाचता आला पाहिजे. अपघात झाल्यास आलेल्या अग्निशमन दलाला आत काय आहे ते त्या पाटीवरूनच कळते, आणि पांदणीचा चिखल सर्वांत आधी त्या पाटीवरच उडतो.

येथे एका प्रकाराविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. पाण्याची काळी प्लास्टिक टाकी ट्रॉलीत ठेवायची, तिच्यात पाच-सातशे लिटर डिझेल भरायचे आणि १२ व्होल्टच्या छोट्या मोटरने ते वावरात यंत्रांना द्यायचे, ही पद्धत गावोगावी दिसते. कायद्यानुसार 'ब' वर्गाचे इंधन एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणत्याही एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल, तर साठवणुकीला परवाना लागत नाही. या तरतुदीचा आधार घेऊन ही टाकी योग्यच आहे असे सांगितले जाते. परंतु ही सूट प्रमाणापुरती आहे, त्यातून विक्रीचा हक्क मिळत नाही आणि प्लास्टिकची टाकी सुरक्षितही होत नाही. प्लास्टिकवर साचलेला स्थिर विद्युतभार जमिनीत उतरत नाही, उन्हाने टाकी मऊ पडते, आणि त्या मोटरच्या चिमट्या बॅटरीला लावताना जी ठिणगी उडते ती प्रत्येकाने पाहिलेली असते. वाफेजवळ ती ठिणगी एकदाच उडावी लागते. अशा टाकीवर काम करण्यास सांगितले तर नकार द्यावा.

निघण्यापूर्वीची तपासणी

सकाळी गाडी हलवण्याआधी तिच्याभोवती एक सावकाश फेरी मारावी. टाकीखालचे व्हॉल्व्ह, पाइपचे जोड आणि रीलची बैठक यांवर बोट फिरवून पाहावे. धुळीवर ओला गडद डाग असेल तर तो गळतीचा असतो. पाइप पूर्ण उलगडून हाताने चाचपावा. आतील विणलेली जाळी एखाद्या ठिकाणी तुटली की तेथे पाइप मऊ लागतो, आणि दाब आल्यावर तेथेच फुगा येतो. असा पाइप चिकटपट्टी गुंडाळून वापरू नये, तो बदलावा.

टाकीच्या वरच्या श्वसन-व्हॉल्व्हकडे बहुधा कोणी पाहत नाही. डिझेल बाहेर जाताना तेवढीच हवा आत यावी आणि उन्हाने वाफ वाढली की ती बाहेर पडावी, यासाठी तो असतो. गाडी आठवडाभर उभी राहिली तर कुंभारमाशी नेमकी त्याच भोकात मातीचे घर बांधते. मी एकदा स्क्रूड्रायव्हरने असे घर खरवडून काढले होते. अंगठ्याएवढा सुकलेल्या मातीचा गोळा निघाला आणि त्यामागून टाकीने श्वास ओढल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तो तसाच राहिला असता तर पंपाचा जोर कमी झाला असता, आणि पुढे टाकीचा पत्राही आत ओढला गेला असता. म्हणून व्हॉल्व्हवर जाळी आहे आणि ती मोकळी आहे, हे रोज पाहावे.

टाकी काठोकाठ भरू नये. तापमान १० अंशांनी वाढले की हजार लिटर डिझेल सुमारे आठ लिटरने फुगते. म्हणजे चार हजार लिटरच्या टाकीत तीस लिटरहून अधिक डिझेलला जागा लागते. किमान पाच टक्के जागा रिकामी ठेवण्याची सवय लावून घ्यावी. टाकीच्या तळाशी पाणी साचले आहे का हे पाणी ओळखणाऱ्या पेस्टने पाहावे. त्यानंतर हायड्रोमीटर आणि थर्मामीटरने घनता मोजावी, ती १५ अंशांच्या हिशेबात आणावी आणि चलनावरील आकड्याशी ताडून पाहावी. दोन्हींत ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डिझेल देऊ नये. मीटरची खात्री पाच लिटरच्या प्रमाणित मापाने करावी, त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. वैधमापन शास्त्र विभागाचे सील तुटलेले असेल तर गाडी बाहेर काढू नये. घनता आणि माप यांचा आगीशी थेट संबंध नसला तरी वावरात मापावरून वाद सुरू झाला की लक्ष नोझलवरून उडते, आणि निम्मे डिझेल अशाच वेळी सांडते, म्हणून याचा उल्लेख येथे केला आहे.

आणीबाणीचे बंद बटण रोज एकदा खरोखर दाबून पाहावे. डब्यात थोडे डिझेल सोडावे, बटण दाबावे आणि धार तत्काळ थांबते का ते पाहावे. हे बटण आणि टाकीखालच्या मुख्य व्हॉल्व्हची ओढदोरी कोठे आहे, हे चालक आणि ऑपरेटर दोघांनाही अंधारात सापडेल इतके माहीत असावे. गाडीवर कोरड्या पावडरचे किमान दोन अग्निशामक असावेत आणि त्यांचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा. पांदणीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून महिन्यातून एकदा ते उलटे धरून हलवावेत. दोन बादल्या कोरडी वाळू, एक फावडे, नायट्राइलचे हातमोजे आणि पिण्याचे भरपूर पाणी सोबत असावे. कपडे सुती घालावेत. उन्हापासून बचावासाठी आपण डोक्याला जो दुपट्टा बांधतो तोही सुतीच असावा आणि त्याची टोके खोचलेली असावीत, कारण नायलॉनच्या कापडावर भार साचतो आणि लोंबते टोक फिरत्या रीलमध्ये सापडते.

जागा निवडणे

वावरात पोहोचल्यावर गाडी यंत्राजवळ नेण्याची घाई सगळेच करतात. आधी उतरून चालत जावे आणि जागा पाहावी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. वरून सुकलेली दिसणारी रेगूर दोन दिवसांपूर्वीच्या पावसानंतर आतून लोण्यासारखी असू शकते, आणि भरलेली गाडी तिच्यात एका बाजूने बसली की टाकीतील सगळे डिझेलही त्याच बाजूला झुकते. अर्धी भरलेली टाकी याबाबतीत पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते, कारण तिच्यात डिझेलला हिंदकळायला जागा असते. वळणावर आणि नाल्याच्या उतारावर वेग चालण्याइतका ठेवावा. पुलावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये. शक्य असेल तेथे मुरमाची जागा शोधावी आणि यंत्रालाच तेथे यायला सांगावे. हार्वेस्टरवाल्याला दोनशे मीटर येणे जड वाटते, पण त्याचे यंत्र चिखलातून निघू शकते, आपली गाडी निघत नाही.

डोक्यावरून वीजवाहिनी जात असेल तर गाडी तिच्याखाली लावू नये. वावरातील खांब अनेकदा कललेले असतात आणि तारा लोंबलेल्या असतात. टाकीवर चढून झाकण उघडणाऱ्या माणसाचे डोके त्या तारांच्या किती जवळ जाते याचा अंदाज खालून येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपासूनही दूर राहावे, कारण भार वाढला की डीपीतून ठिणग्या पडताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. वारा कोणत्या बाजूने आहे हे मूठभर धूळ सोडून पाहावे आणि वाफ माणसांकडे किंवा चुलीकडे जाणार नाही अशी गाडी लावावी. वाफ हवेपेक्षा जड असते आणि नालीत, खड्ड्यात किंवा भेगांत उतरून बसते, त्यामुळे विहिरीच्या काठालगत काम करू नये.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. खरिपाच्या तयारीसाठी लोक धुरे पेटवतात, पऱ्हाटीचे ढीग जाळतात, आणि दुपारच्या वावटळीत ती आग कोठे जाईल हे पेटवणाऱ्यालाही सांगता येत नाही. क्षितिजावर धूर दिसत असेल तर आधी चौकशी करावी आणि शेजारच्या वावरात जाळपोळ सुरू असेल तर काम पुढे ढकलावे. या दिवसांत मी सकाळी दहाच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतरच डिझेल देतो. दुपारच्या फेऱ्या घेणारे चार पैसे जास्त कमावतात, हे मला मान्य आहे, तरीही मी त्या घेत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर विजा पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. ते चालकाच्या फोनमध्ये असावे. गडगडाट ऐकू आला की नोझल काढून, झाकणे लावून काम थांबवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा सुरू करू नये.

जोडणी आणि भरणे

गाडी लावली की हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्यावेत. पंप पीटीओवर, म्हणजे गाडीच्याच इंजिनाच्या जोरावर, चालणारा नसेल तर इंजिन बंद करून बॅटरीचा मुख्य स्विचही बंद करावा. पीटीओचा पंप असेल तर इंजिन सुरू ठेवावेच लागते, म्हणून सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी शाबूत आहे याची खात्री हवी. गाडीची किल्ली नोझलच्या खुंटीजवळच्या आकड्याला अडकवण्याची सवय मी लावून घेतली आहे. पाइप यंत्रात अडकलेला असताना गाडी पुढे नेण्याची चूक थकलेल्या माणसाकडून कधीही होऊ शकते. किल्ली हातात घ्यायला नोझलजवळ जावेच लागले की ती होत नाही.

ज्या यंत्रात डिझेल भरायचे आहे त्याचे इंजिन बंद करून ते निवू द्यावे. डिझेलला ठिणगीचीही गरज पडत नाही. सुमारे २१० ते २५० अंशांच्या दरम्यानच्या तापलेल्या पृष्ठभागावर ते पडले तर आपोआप पेटू शकते, आणि भाराखाली चाललेल्या इंजिनचा एक्झॉस्ट याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. दहा ते पंधरा मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात टाकीभोवतीचा भुसा, कुटार आणि धूळ कोरड्या झाडणीने काढून टाकावी. पाइपची हवा मारून कुटार उडवू नये, कारण ते उडून तापलेल्या सायलेन्सरवरच बसते.

यानंतर बाँडिंगची, म्हणजे गाडी आणि यंत्र यांचे धातू एकमेकांना जोडणारी, तार जोडायची, आणि सर्वांत जास्त टाळाटाळ होते ती येथेच. डिझेल पाइपमधून वेगाने वाहताना आणि फिल्टरमधून जाताना त्यात स्थिर विद्युतभार तयार होतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भाग इतकेच ठेवले आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची विद्युतवाहकताही कमी होते, त्यामुळे त्यातील भार लवकर उतरत नाही. शिवाय आपला उन्हाळा कोरडा असतो, स्वेटर काढताना थंडीत चटचट आवाज येतो तशीच स्थिती दिवसभर असते. म्हणून गाडीची अर्थिंगची सळई जमिनीत नीट ठोकावी. भेगाळलेल्या काळ्या मातीत सळईभोवती पोकळी राहते. तेथे तांब्याभर पाणी ओतावे आणि पायाने माती दाबावी. त्यानंतर बाँडिंगची क्लिप यंत्राच्या उघड्या धातूला लावावी. रंगावर लावलेली क्लिप न लावल्यासारखीच असते. जुन्या यंत्राचा रंग खरवडून एक जागा कायमची ठरवून ठेवावी. क्लिप लागली की मगच टाकीचे झाकण उघडावे. काढताना क्रम उलटा असतो: आधी नोझल बाहेर, मग झाकण बंद, आणि सर्वांत शेवटी क्लिप.

नोझल आत घातल्यावर त्याचे टोक टाकीच्या गळ्याला टेकलेले राहू द्यावे आणि सुरुवातीला धार अगदी मंद ठेवावी. टोक डिझेलमध्ये बुडाल्यावर वेग वाढवावा. उंचावरून धार पडली की फेस होतो, फेसाबरोबर बारीक तुषार उडतात, आणि तुषारांना पेट घेण्यासाठी फ्लॅश पॉइंटपर्यंत तापण्याचीही गरज नसते. नोझलच्या खटक्यात टाकीचे झाकण किंवा दगड अडकवून हात मोकळा करण्याची युक्ती सर्वांना माहीत आहे. ती कधीही करू नये. खटक्यावर हात आणि टाकीच्या तोंडावर डोळा असावा. आपोआप बंद होणारे नोझल असले तरी फेसामुळे ते उशिरा बंद होऊ शकते, म्हणून टाकी भरत आली की आवाजाकडे कान द्यावा. भरतानाचा खोल आवाज वर चढत बारीक होतो. यंत्राच्या टाकीतही थोडी जागा सोडावी.

या सर्व वेळात सहा मीटरच्या आत विडी, काडीपेटी किंवा फोन नसावा. आता पैसे फोनवरूनच दिले जातात आणि त्यासाठी माणूस थेट मीटरजवळ येऊन उभा राहतो, त्यामुळे क्यूआर कोडची पाटी टाकीच्या बाजूला न लावता चालकाने हातात घेऊन दूर न्यावी. रात्री हार्वेस्टर चालू असतात तेव्हा प्रकाशासाठी ज्वालारोधक टॉर्चच वापरावा. मजुरांना आणि मालकालाही हे सांगताना आवाज चढवू नये. 'दादा, दोन मिनिटं तिकडं थांबा, मी हाक मारतो' एवढे म्हटले की लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

कॅन, ड्रम आणि तोंडाने ओढणे

शेतकऱ्यांना कॅनमध्ये डिझेल हवे असते, आणि दूर वावरातील इंजिनसाठी त्यांना त्याची खरी गरज असते हे नाकारता येत नाही. धातूचा, झाकण घट्ट बसणारा ड्रम असेल तर त्याला क्लिप लावून भरावा. कोणतेही भांडे जमिनीवर ठेवूनच भरावे. मोटारसायकलवर किंवा ट्रॉलीतील प्लास्टिकच्या ताडपत्रीवर ठेवलेले असताना भरू नये. ज्या भांड्यात आधी पेट्रोल होते त्यात डिझेल अजिबात ओतू नये. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपासाठी आणलेल्या कॅनच्या तळाशी वाटीभर पेट्रोल उरलेले असते, त्याची वाफ कॅनभर असते, आणि वाहत्या डिझेलने तयार केलेला भार त्या वाफेला ठिणगी देऊ शकतो. औषधाच्या रिकाम्या कॅनमध्येही डिझेल देऊ नये. पाण्याच्या बाटलीत तर मुळीच देऊ नये, कारण दुपारी तहानलेला मजूर ती तोंडाला लावतो.

नळी तोंडात धरून डिझेल ओढण्याची सवय आपल्याकडे अजून आहे. एक घोट घशाखाली जाण्यापेक्षा काही थेंब श्वासनलिकेत जाणे जास्त धोक्याचे असते, त्याने फुप्फुसाला सूज येते. डिझेल पोटात गेले तर उलटी करायला लावू नये, मीठपाणी देऊ नये, आणि १०८ वर फोन करून माणसाला रुग्णालयात न्यावे. गाडीवर हाताचा पंप ठेवला की ही वेळच येत नाही.

सांडले तर आणि पेटले तर

ऑक्टोबर महिना होता, हिंगणघाट तालुक्यातील एका वावरात सोयाबीनची सोंगणी सुरू होती, आणि ढग भरून आल्याने मालक घाईत होता. हार्वेस्टरचे इंजिन बंद न करता डिझेल भरण्यास त्याने सांगितले आणि आमच्यातील ऑपरेटरने ते मान्य केले. मी तेथे होतो आणि मी थांबवले नाही. टाकी भरून फेस वर आला, पेलाभर डिझेल बाजूने ओघळले आणि एक्झॉस्टजवळ साचलेल्या कुटारावर पडले. आधी पांढरा धूर आला, नंतर निळसर ज्योत दिसली. मी अग्निशामक उचलला, आणि त्याची पिन हलेना. पांदणीच्या हादऱ्यांनी पिन पडू नये म्हणून कोणीतरी तिला बांधकामाच्या तारेने चार वेढे देऊन बांधले होते. ती तार नखांनी सोडवताना किती सेकंद गेले ते मला सांगता येणार नाही, पण माझ्या उजव्या अंगठ्याचे नख त्यात उलटले आणि ते वाढायला चार महिने लागले. दुसऱ्या माणसाने फावड्याने वाळू टाकली म्हणून आग कुटारापुरतीच राहिली. त्या दिवसापासून पिनला मी फक्त हाताने सहज तुटणारे प्लास्टिकचे बारीक सील ठेवतो, आणि रोज सकाळी ते पाहतो.

आग दिसताच आधी आणीबाणीचे बटण दाबून डिझेल बंद करावे. नोझल टाकीत असेल आणि तेथेच आग असेल तर ते ओढून काढू नये, कारण ओढताना पाइपमधील डिझेल अंगावर आणि जमिनीवर पडते. वारा पाठीवर घेऊन उभे राहावे, पिन काढावी, नळी ज्योतीच्या बुडाशी रोखावी आणि पावडर झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवत पुढे जावे. नऊ किलोचा अग्निशामक साधारण पंधरा-वीस सेकंदच चालतो, म्हणून तो दुरून उडवून वाया घालवू नये. डिझेलच्या आगीवर पाणी मारू नये. डिझेल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते. पहिल्या अग्निशामकात आग आटोक्यात आली नाही तर सर्वांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दूर न्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. अग्निशमनाची गाडी तालुक्याहून येणार असते, त्यामुळे पांदणीच्या तोंडाशी एक माणूस उभा करावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

आग न लागता डिझेल सांडले असेल तर त्यावर कोरडी वाळू किंवा माती टाकून ते शोषून घ्यावे, फावड्याने उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावे आणि परत न्यावे. पाण्याने धुऊन ते नाल्यात सोडू नये, कारण तेच पाणी खाली ढोरे पितात आणि विहिरीत मुरते. कुटार किंवा पऱ्हाटीचा कचरा शोषून घेण्यासाठी वापरू नये. अंगावर डिझेल पडले असेल तर कपडे लगेच बदलावेत आणि साबणाने अंग धुवावे. भिजलेल्या कपड्यांनिशी चुलीजवळ जेवायला बसलेल्या माणसाला मी स्वतः उठवले आहे.

काम संपल्यावर

मीटरचा आकडा वहीत लिहावा, ग्राहकाची सही घ्यावी, आणि पाइप गुंडाळताना तो पुन्हा एकदा हाताने चाचपावा. अर्थिंगची सळई काढून पुसून जागेवर ठेवावी. ती वावरात विसरली की पुढच्या ठिकाणी बाँडिंग होत नाही आणि नांगरताना दुसऱ्याच्या फाळात अडकते. ठोकळे, दोन्ही अग्निशामक, क्लिप आणि फावडे मोजून घ्यावे, टाकीवरील झाकणे दाबून पाहावीत, आणि गाडी पाच पावले पुढे घेऊन ती उभी होती त्या जागेवर ओला डाग राहिला आहे का ते उतरून पाहावे. रात्री गाडी घरांपासून आणि गोठ्यांपासून दूर, उघड्यावर उभी करावी, बॅटरीचा स्विच बंद करावा आणि किल्ली चालकाकडेच ठेवावी.